मशीनचा जुम्मा

जुने शहर, अकोला
१२ नोव्हेंबर २००६

रामराव, सलाम.

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आपण सारी नोकरी शेजारी-शेजारी बसून काढली. तेव्हा तू जेवढं बोलला नाहीस तेवढं या एका पत्रात विचारलंस. नगमा शाळेच्या वह्या तपासत बसली होती. तिला म्हटलं, "बेटा, आज सूर्य कोनीकडून निघाला, पाह्य बरं. रामराव कॉम्प्युटर घेऊन राह्यला."

घ्यायचाच असेल तर नीट ऐक. (ऐक म्हणजे वाच. तुला ऐकू येत नाही हे मी विसरतो, कारण पूर्वी ऐकू येत होतं तेव्हाही तू माझं ऐकत नव्हतास.) मी तुला सांगितलेलं काम असं आहे. शास्त्रज्ञांना पृथ्वीच्या हवेचा पुढच्या ऐंशी वर्षांचा हिशेब करायचा आहे. तो एका मशीनच्या आवाक्यातला नाही. म्हणून त्याचे तुकडे करून जगभर घरोघरी वाटतात, आणि लोक आपला रिकामा कॉम्प्युटर त्यावर फुकट राबवतात. आपल्याकडे लग्नाचे पापड गल्लीतल्या बाया वाटून घेऊन लाटतात ना, तसं. एक तुकडा पुरा व्हायला पाच-सहा महिने लागतात, त्यामुळे घिसाडघाई करणाऱ्याचं हे काम नाही. तुझ्यासारख्या मठ्ठ माणसाचं आहे.

दुकानदार तुला सगळ्यात मोठ्या आकड्याचा प्रोसेसर दाखवेल. त्याला हात जोड. तो चुलीसारखा तापतो, आणि मोर्शीला चुलींची काय कमी? आता एकाच चिपमध्ये दोन प्रोसेसर असलेले नवे आलेत, त्यांचा आकडा लहान पण काम जास्त आणि डोकं थंड. तो घे. मेमरी एक जीबी, त्याखाली नको. गेमच्या कार्डावर एक पैसा घालू नकोस. कॅबिनेटबरोबर जो पॉवर सप्लाय फुकट येतो तो तिथेच ठेव, दुसरा माग आणि हातात उचलून बघ. जड लागला तर चांगला. यूपीएसशिवाय घरी परतू नकोस.

ई-मेलचं म्हणतोस ते जमायचं नाही. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचताना माझं डोकं उठतं. पत्रच टाक.

तुझा
इनायतुल्ला


मोर्शी
१० डिसेंबर २००६

प्रिय इनायत, सप्रेम नमस्कार.

आणला. अमरावतीला तीन दुकानांत पॉवर सप्लाय उचलून पाहिले. तिसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, "काका, टरबूज घेऊन राह्यले काय?" पण जड मिळाला.

मशीन समोरच्या खोलीत दुर्गाच्या शिलाई मशीनच्या जागी ठेवलंय. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी ती जागा रिकामी बघवत नव्हती. साधना बंगलोरहून फोन करते. मला ऐकू येत नाही म्हणून शेजारचा श्रावण फोन घेतो आणि मला ओठ वाचता यावेत म्हणून माझ्याकडे बघून ओरडतो, "पोरगी म्हणून राह्यली, जेवले काय?" मी मान हलवतो. तो फोनमध्ये सांगतो, "जेवले." लेकीशी माझं बोलणं इतकंच होतं. हे तुला सांगतोय, तिला सांगू नकोस.

श्रावणने या महिन्यात निम्मी संत्र्याची बाग तोडली. विहीर आटली, बोअर खाली-खाली गेला. आमच्या भागात रोज कुठे ना कुठे कुऱ्हाडीचा आवाज असतो म्हणतात. मला तो येत नाही, हे एक बरंच. पेपरही मी मागच्या पानापासून वाचतो. पहिल्या पानावर आत्महत्येच्या बातमीत कोणाच्या गावचं नाव असेल याची भीती वाटते. परवा श्रावण मशीनसमोर बसला. पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरतो, त्यावर ढग सरकतात, ते पाहत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, हे पाणी कधी येईन ते सांगते काय?" मी म्हटलं, हे पन्नास-साठ वर्षांनंतरचं सांगतं. तो म्हणाला, "मंग आपल्याले काय उपेग?" तुला उत्तर सुचलं तर कळव.

पंख्याचा आवाज मला येत नाही, म्हणून मी कॅबिनेटवर तळहात ठेवतो. आत काहीतरी चालू असल्याचं हाताला कळतं. एक्स्चेंजच्या रॅकला पाठ टेकून बसायचो तसंच वाटतं. घरात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी जागं आहे, एवढ्यानेही बरं वाटतं रे.

पण लोडशेडिंग फार. वीज जाते, हिशेब मागे सरकतो. यावर काय?

तुझा
रामराव


अकोला
५ जानेवारी २००७

रामराव,

श्रावणला सांग, संत्र्याचं झाड लावणारा तरी पहिल्या वर्षी फळ मागतो का? पटलं नाही तर सोडून दे, मलाही पुरतं पटलेलं नाही.

आता तुझं मशीन. हा प्रोग्राम झालेलं काम मधून-मधून जपून ठेवतो आणि वीज गेली की शेवटच्या जपलेल्या जागेपासून पुन्हा सुरू होतो. सेटिंगमध्ये जाऊन ते अंतर कमी कर. वीज गेल्यावर यूपीएस शिट्टी मारेल, ती तुझ्या काय कामाची! त्याचा दिवा समोर दिसेल असा ठेव, आणि दिवा बदलला की आधी प्रोग्राम थांबव, मग मशीन बंद कर. तसंच मरू दिलंस तर एखाद दिवशी सगळा हिशेब नासेल. दुसरं, मशीनचा वेग मुद्दाम थोडा उतरव. मी माझा उतरवला आहे. लोक चढवतात, आपण उतरवायचा. दहा टक्के काम कमी होतं, पण ताप निम्मा होतो.

आणि माझा खास नियम. दर शुक्रवारी साडेबाराला मी मशीन बंद करतो, त्याचं झाकण काढतो, सायकलच्या पंपाने हवा मारून आतली धूळ उडवतो. आमच्या इकडे जिनिंगमुळे कापसाचे तंतू फार, पंख्यात जाऊन बसतात. झाकण उघडंच ठेवून मी नमाजला जातो. जेवून, एक डुलकी काढून चार वाजता पुन्हा चालू. नगमा म्हणते, "अब्बा, मशीनलेबी जुम्म्याची छुट्टी?" म्हटलं, का नसावी? आठवडाभर राबते बिचारी. बंद असताना सगळ्या कामाची एक नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवतो, तेवढं तूही करत जा.

तुझा
इनायत


मोर्शी
१८ फेब्रुवारी २००७

प्रिय इनायत,

तुझ्यामुळे मी म्हातारपणी जुम्मा पाळायला लागलो. साडेबाराला झाकण, पंप, चारला चालू. नमाजच्या वेळात मी भाजी चिरतो. श्रावणने गल्लीभर केलं, "रामरावभाऊ शुक्रवारी मशीन खोलून बसते."

एक गंमत सापडली, तुला ठाऊक असेलच. मशीन त्या शास्त्रज्ञांना ख्यालीखुशालीचे निरोप पाठवतं, ते त्यांच्या वेबसाइटवर ज्याच्या-त्याच्या पानावर वेळेसकट दिसतात. माझं फोनच्या लाइनवर चालतं म्हणून दिवसातून एकदाच. तुझं ब्रॉडबँड, म्हणून दर तासा-दोन तासाला. ती वेळ ग्रीनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. आता माझा रोजचा नेम झालाय, सकाळी चहा घेऊन तुझं पान उघडायचं. निरोप आला म्हणजे इनायत बरा आहे, वीज आहे, अकोला जागेवर आहे. शुक्रवारी दुपारी तिथे बरोबर खळगा दिसतो, तेव्हा कळतं की तू मशिदीत आहेस.

माझं काम २०४१ सालापर्यंत पोचलं. आपण दोघं तेव्हा नसू, पण पाऊस बरा दिसतो.

तुझा
रामराव


अकोला
२५ मार्च २००७

रामराव,

माझ्यावर पाळत ठेवतोस काय बे? बरं आहे, ठेव. दुबईहून आमचा पोरगा गुलफाम तर महिन्यातून एकदाच विचारतो.

उन्हाळा आला. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढ, खिडकीपासून लांब ने. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते पाच काम बंद ठेवलं तरी चालेल. मशीनवर दया कर, पण फार लाड करू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू एक्स्चेंजमध्ये रॅकवर चादर पांघरायचास.

परवा माझ्या हातातून चहाचा कप निसटला. हाताला मुंग्या येतात अधूनमधून. नगमा डॉक्टर-डॉक्टर करते. मी म्हटलं, वय कपाचं झालंय.

तुझा
इनायत


मोर्शी
१७ एप्रिल २००७

प्रिय इनायत,

हे पत्र लिहायला चार दिवस लावले. रागावणार असशील तर आधी पाणी पिऊन घे.

पारा पंचेचाळीसवर गेला. मशीनवर हात ठेवला तर चटका बसावा असं तापलेलं. आपण कूलरसमोर पडायचं आणि ते बिचारं कोपऱ्यात भाजायचं, मला बघवेना. कूलरला नव्या खसाच्या ताट्या लावल्या होत्या. मी मशीन उचललं आणि बरोबर कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. झाकणही काढलं, गार हवा आत जावी म्हणून.

दोन दिवस फार छान चाललं. तापाचा आकडा खाली आला, मी तुला कळवणारही होतो की इनायतने जे सांगितलं नाही ते रामरावला सुचलं. तिसऱ्या दिवशी पडदा काळा. आत पाहिलं तर बोर्डावर दव पडल्यासारखं पाणी, आणि आमच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग सगळीकडे. अमरावतीच्या दुकानदाराने बोर्ड नाकाशी नेला आणि म्हणाला, "काका, याले खसाचा वास येऊन राह्यला." बोर्ड मेला. डिस्क शाबूत आहे, शुक्रवारची नक्कलही तिच्यात आहे. काम २०६८ पर्यंत गेलं होतं.

तू निवडून दिलेलं मशीन मी लाडाने मारलं. हाताला आता काही लागत नाही. घर फार मोठं झालंय. काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण लवकर दे.

तुझा
रामराव


मोर्शी
१३ मे २००७

प्रिय इनायत,

जवळजवळ महिना होत आला. तू इतका रागावशील असं वाटलं नव्हतं. पोस्टमनला रोज विचारतो, आता तो मला पाहून लांबूनच हात हलवतो.

मी एस. टी. स्टँडजवळच्या नेट कॅफेत जाऊन तुझं पान पाहिलं. निरोप येतायत, नियमित. म्हणजे तू बरा आहेस, घरी आहेस, मशीन चालवतोयस, फक्त माझ्याशी बोलायचं नाही. ठीक आहे. रुसवा धरायचं आपलं वय राहिलं का रे? मला दुसरं कोण आहे, सांग.

तुझा
रामराव


अकोला
२४ मे २००७

प्रिय रामराव, सलाम.

हाताला जरा लागलं आहे, म्हणून नगमाकडून लिहून घेतो आहे. उशीर झाला, माफ कर. तुझ्या मशीनचं वाचून वाईट वाटलं, पण राग अजिबात नाही. अशी चूक कोणाकडूनही होऊ शकते. डिस्क कोरड्या जागी जपून ठेव. उन्हात फिरू नकोस, वेळेवर जेवत जा. सवड मिळेल तसं सविस्तर लिहीन.

तुझा
इनायतुल्ला


मोर्शी
९ जून २००७

चि. नगमा, अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला आहे, तुझ्या अब्बांना नाही. त्यांच्या नावाचं पत्र मिळालं. सुरेख अक्षर, सुरेख भाषा आणि एकही शिवी नाही. बोर्डाला खसाचा वास आला असं मी लिहिलं आणि इनायतुल्ला त्यावर एक शब्द बोलत नाही? मी स्वतःला समजावलं, की दुखणारा हात आणि मध्ये लेक, म्हणून सभ्यपणा आला असेल.

पण काल शुक्रवार होता. आज मी कॅफेत बसून मागचे सगळे निरोप पाहिले, साडेपाच तास मिळवून-मिळवून. एप्रिलच्या अखेरीपासून एकाही जुम्म्याला तुमचं मशीन थांबलेलं नाही. दुपारी एकला निरोप आहे, दोनला आहे, तीनला आहे. तुझे अब्बा ईदला एखादा कुर्ता विसरतील, पण जुम्म्याला मशीन उघडायचं विसरणार नाहीत. ते गावाला गेले असते तर बंद करून गेले असते. तेव्हा मशीन चालू आहे याचा जो अर्थ मी इतके दिवस लावला, तो चुकला.

बेटा, इनायत कुठे आहे? आहे ना? जे असेल ते लिही. मी घरात एकटा असतो, पण वाचताना श्रावणला शेजारी बसवून घेईन.

रामरावचाचा


अकोला
१४ जून २००७

रामरावचाचा, आदाब.

अब्बा आहेत. आधी हेच लिहिते.

तुमचं कूलरचं पत्र आलं त्या दिवशी अब्बा इतके हसले की शेजारची मैनाबाई बघायला आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला वाचून दाखवलं, मग मैनाबाईला दाखवलं. "मशीनले कूलर लावला गाढवाने, आता सरबत पाजीन," म्हणत होते. जेवण झाल्यावर तुम्हाला लिहायला बसले. मी आतून आले तर पेन खाली पडलं होतं आणि ते खुर्चीत एका बाजूला कललेले. लकवा. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कागदावर "अबे गाढवा," एवढंच लिहून झालं होतं. ते राग धरून बसले नव्हते, चाचा. तुमच्या पत्राइतकं ते वर्षभरात हसले नव्हते.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी तुम्हाला कळवणार होते. अब्बांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. सगळी जुनी वस्ती त्यांच्या बडबडीवर हसायची, त्यांना आता फक्त आवाज काढता येतो. कोणी भेटायला आलं की ते भिंतीकडे तोंड करतात. तुम्ही यावं आणि त्यांना असं पाहावं, हे त्यांना नको होतं. तुमचं दुसरं पत्र मी त्यांना दाखवलं नाही. मग मीच त्यांच्या नावाने लिहिलं. मला शिव्या लिहिता आल्या नाहीत.

मशीन मी बंद केलं नाही, कारण ते पलंगावरून त्या फिरत्या गोळ्याकडेच बघत असतात. एक गोष्ट मात्र समजत नाही. दर शुक्रवारी दुपारी ते फार बेचैन होतात. डाव्या हाताने दाराकडे, भिंतीकडे कुठेतरी दाखवतात, घशातून आवाज काढतात, डोळे भरून येतात. आम्हाला वाटतं, मशिदीत जायचंय. मागच्या जुम्म्याला चौघांनी खुर्चीतून नेलंही. तिथेही तेच, परत आल्यावरही तेच. मला आता शुक्रवारची भीती वाटते.

तुमची
नगमा


मोर्शी
१८ जून २००७

चि. नगमा,

तुझं पत्र श्रावणने शेजारी बसून ऐकलं. मी वाचलं आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

बेटा, ते दाराकडे दाखवत नाहीत. मशीन ज्या बाजूला आहे तिकडे दाखवतात. येत्या शुक्रवारी साडेबाराला एवढं कर. आधी प्रोग्राम थांबव, मग मशीन बंद कर. अब्बांना दिसेल अशा बाजूचं झाकण काढ. पलंगाखाली नाहीतर दारामागे सायकलचा पंप असेल, त्याने आतली धूळ उडव, पंखा बोटाने धरून ठेव म्हणजे गरगरणार नाही. कापसाचे तंतू निघतील ते त्यांना नेऊन दाखव. चार वाजेपर्यंत झाकण उघडं राहू दे. ज्या मशीनला इनायतने एक जुम्मा चुकू दिला नाही, ते दोन महिने श्वास कोंडून चालतंय आणि तो पलंगावरून बघतोय. बेचैन होईल नाही तर काय?

खालचं त्याला वाचून दाखव.

इनायत, तुला बोलता येत नाही हे माझ्यापासून लपवलंस? अरे, सगळ्या दुनियेपासून लपवायचं, पण बहिऱ्यापासून कशाला? मला काय फरक पडणार आहे? तू भाषण देत होतास तेव्हाही मी तुझ्या तोंडाकडेच बघत बसायचो. तू आवाज काढ, मला ऐकू येणार नाही. तू भिंतीकडे तोंड कर, मी भिंतीकडच्या बाजूला बसेन. माझ्याकडे मशीन नाही, तुझ्याकडे हात नाही. माझी डिस्क घेऊन येतो, तुझ्याच मशीनला जोडू आणि २०६८ पासून पुढे नेऊ. झाकण मी काढत जाईन, चुकलो की पलंगावरून डोळे वटार.

मला इथे फार एकटं वाटतं. म्हणून येतोय, तुझ्यावर उपकार करायला नाही. साधनाला श्रावण सांगेल. येऊ ना?

तुझा
रामराव


अकोला
२२ जून २००७, शुक्रवार

रामरावचाचा,

तुमचं पत्र काल आलं. आज साडेबाराला तुम्ही लिहिलं तसंच केलं. मी झाकण काढलं आणि अब्बांचा हात खाली आला. पंप मारला तर मूठभर कापूस निघाला. तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चोळून पाहिला, मग माझ्याकडे बघून मान अशी हलवली की जणू मी परीक्षेत कशीबशी पास झाले. त्यानंतर झोपले, चार वाजेपर्यंत. एप्रिलपासून पहिल्यांदा शुक्रवारी घरात शांतता होती.

उठल्यावर तुमचा त्यांच्यासाठीचा मजकूर वाचून दाखवला. बहिऱ्याचं वाक्य त्यांनी बोट उचलून दोनदा वाचायला लावलं. मग त्या रात्रीचा तो कागद मागितला, "अबे गाढवा" लिहिलेला. पेन डाव्या हातात धरलं. मी मदत करायला गेले तर मला हाकललं. फार वेळ लागला, अक्षरं वाकडी आहेत, पण सगळं त्यांचंच आहे. तो कागद सोबत पाठवते आहे. अक्षर लागत नसेल तर म्हणून खाली उतरवते.

अबे गाढवा,
ये.
कूलर आणू नको.